परातीतले पाणी आणि अंगणातली सावली
(द्वितीय वर्ष कला)

पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना कॉलेजचा जो अर्ज भरावा लागतो, त्यात 'आईचा व्यवसाय' असा एक रकाना आहे. त्या रकान्यात मी 'गृहिणी' असे लिहिले होते. ते खरे नव्हते. माझी आई गेली चौदा वर्षे आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी अंगणवाडी झाडायची, पाणी भरायचे, घरोघर फिरून मुले गोळा करायची, खिचडी शिजवायची, मुलांची नाके पुसायची, ही तिची कामे. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच; आणि त्या पायरीवर पहिल्याच दिवशी मी आईचे काम लपवले. या लेखाचा विषय बालशिक्षण हा असला, तरी सुरुवात या कबुलीने करणे भाग आहे. कारण पुढे जे सांगणार आहे, ते मी जिच्याकडून शिकलो ती हीच मदतनीस होय.

परीक्षा आटोपून एप्रिलअखेर मी गावी गेलो. आमचे गाव पारनेर तालुक्याच्या जिरायती भागात आहे. मे महिन्यात तिथे विहिरींचा तळ दिसतो आणि रानात बाभळी-लिंबाखेरीज हिरवे काही उरत नाही. त्याच सुमारास अंगणवाडीच्या सेविकाताई घरच्या कार्यासाठी पंधरा दिवस रजेवर गेल्या आणि सतरा मुलांचा भार एकट्या आईवर आला. ती मला म्हणाली, "तू नुसता येऊन बस. लिहायचं तेवढं बघ. पोरांचं मी बघते." मी नाइलाजाने गेलो. पारावर बसलेली माझ्या बरोबरीची पोरे हसली. "काय मास्तर, बालवाडीत नाव घातलं का?" असेही एकाने विचारले. मी मान खाली घालून पुढे गेलो.

पहिल्या दिवसाची फजिती

मानसशास्त्र हा माझा एक विषय. शिकण्यासंबंधीचे सिद्धांत मी नुकतेच पाठ करून परीक्षेत लिहून आलो होतो. तेव्हा नुसते हजेरीपट भरण्यापेक्षा आपण मुलांना काही 'शिकवावे' असे मला वाटले. भिंतीवर झाडाच्या अवयवांचा एक तक्ता होता. काठी घेऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "हे मूळ. हे खोड. हे पान. म्हणा माझ्याबरोबर." मुले दोन वेळा म्हणाली. तिसऱ्या वेळी निम्मी दारात पोहोचली होती. एक जण चटईची काडी उपसत होता, तर एकीला घरी जायचे होते आणि ते ती मोठ्याने सांगत होती.

आईने चुलीवरून हे पाहिले. ती काही बोलली नाही. बाहेर गेली आणि सांडपाण्याच्या कडेला उगवलेले तांदुळजाचे एक रोप मुळासकट उपटून घेऊन आली. मुळाला ओली माती लगडलेली होती. ते तिने चटईच्या मध्यावर ठेवले आणि पुन्हा चुलीकडे गेली. क्षणभरात सतरा डोकी त्या रोपाभोवती जमली. "याला क्येस हायेत!" मेंढपाळाचा मुलगा मुळांवर बोट ठेवून म्हणाला. "ह्यात किडा हाय." "वास बघ." "खालचं पांढरं हाय, वर हिरवं." मी तक्त्यावरून जे सांगत होतो त्याच्या दुप्पट त्यांनी पाच मिनिटांत पाहिले. मी काठी कोपऱ्यात ठेवली ती पुन्हा उचलली नाही.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. तीन ते सहा वर्षांचे मूल कानाने फार थोडे शिकते. ते हाताने, नाकाने, जिभेने आणि डोळ्याने शिकते. 'मूळ' हा शब्द त्याला वस्तूनंतर हवा असतो, वस्तूऐवजी नव्हे.

हा विचार नवा नाही

कॉलेज उघडल्यावर मी ग्रंथालयात बसून या विषयावर जे मिळेल ते वाचले. तेव्हा कळले, की आईने त्या दिवशी सहज केले ते सांगण्यासाठी थोरामोठ्यांनी आयुष्ये वेचली आहेत. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. ती बाग केवळ नावापुरती नव्हती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा असावा, असा त्याचा आग्रह होता. पुढे रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली बालगृह सुरू केले आणि इंद्रियांच्या शिक्षणाला शास्त्रीय बैठक दिली. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या. महायुद्धामुळे त्यांना इथेच राहावे लागले. त्यातला काही काळ त्या कोडाईकनालला होत्या, आणि निसर्गातून शिकण्याच्या त्यांच्या कल्पनांना तिथे अधिक आकार आला.

तथापि आपल्या दृष्टीने सर्वांत जवळची गोष्ट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शहरातल्या बालमंदिरांतील सुबक साधने खेड्यातल्या मुलापर्यंत पोहोचणार नाहीत, हे ओळखून ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई त्याच वेळी त्यांच्या कामात सामील झाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरणारी कुरणशाळा निघाली. परदेशी लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ मध्ये त्या गेल्या, आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, ते काम चालवले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुताईंचे आत्मकथन आपल्या सर्वांनी वाचावे असे आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द साऱ्या भारताचा झाला. ज्या शब्दाला मी अर्जात लपवले, तो आमच्याच मुलखातल्या दोन बायांनी देशाला दिलेला आहे, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळले.

आता त्या पंधरा दिवसांत आणि नंतरच्या महिनाभरात आम्ही काय काय केले, ते सांगतो. यातल्या एकाही गोष्टीला विकतचे साधन लागले नाही.

पाणी

पाणी आमच्याकडे मोलाचे. त्यामुळे एका परातीपुरतेच पाणी घ्यायचे आणि खेळून झाले की ते दारच्या लिंबाला घालायचे, असा आईचा नियम होता. परातीभोवती मुले बसली. खडा, वाळलेली बाभळीची शेंग, खिळा, बाटलीचे टोपण, चिंचोका, कोंबडीचे पीस अशा वस्तू मांडल्या. प्रत्येक वस्तू टाकण्यापूर्वी विचारायचे : बुडेल की तरंगेल? आधी उत्तर आणि मगच वस्तू पाण्यात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. मुलाने आधी अंदाज सांगितला म्हणजे त्याचे त्या वस्तूशी नाते जडते. चुकला तरी त्याला वाईट वाटत नाही. उलट तो पुन्हा टाकून पाहतो.

बुडण्या-तरंगण्याचे कारण मुलांनी 'वजन' हेच सांगितले. जड ते बुडते, हलके ते तरंगते. मग मी तालुक्याच्या बाजारातून आणलेले संत्रे परातीऐवजी खोल पातेल्यात टाकले. खडा त्याच्यापेक्षा कितीतरी हलका होता, तो बुडाला. संत्रे मात्र तरंगले. मुले गप्प झाली. नंतर मी संत्रे सोलून पुन्हा टाकले, तर ते बुडाले! वास्तविक साल काढल्यावर ते हलके झाले होते. कारण असे, की संत्र्याच्या सालीत हवा साठलेली असते. ती गेली की उरलेला गर तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा जड ठरतो. हे मी मुलांना सांगितले नाही. मी विचारले, "का बुडालं?" एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, "त्यानं कापडं काढली म्हून." मला हसू आले, पण विचार केला, तर ती सत्याच्या अगदी जवळ होती. त्या 'कापडां'मुळेच ते तरंगत होते. या वयात बरोबर उत्तर देण्याची घाई नसते. आपल्याच शब्दांत कारण शोधण्याची सवय तेवढी लागावी.

दुसरा खेळ बटाट्याचा. तांब्याभर पाण्यात बटाटा तळाशी बसतो. त्यात दोन-तीन मुठी मीठ विरघळवले की तो हळूहळू वर येतो. मिठाने पाणी दाट होते, एवढेच त्याचे कारण. हा खेळ आम्ही मोठ्या काचेच्या बरणीत केला. बटाटा वर येताना सगळ्यांनी एकदम श्वास रोखला होता.

तिसऱ्या प्रयोगात मुलांपेक्षा मीच जास्त शिकलो. ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की साधारणतः सात वर्षांच्या आतील मुलाला 'भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते' हे पटत नाही. परीक्षेत मी यावर टीप लिहिली होती. आता समोर खरी मुले होती. एकसारख्या दोन पेल्यांत सारखे पाणी भरले. एका पाच वर्षांच्या मुलीने ते सारखे आहे हे कबूल केले. तिच्याच डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच बाटलीत ओतले. "आता जास्त कशात?" "बाटलीत." "का?" "ती उंच हाय." पुन्हा पेल्यात ओतले. "आता?" "आता सारखं." मी तीनदा विचारले, तेव्हा ती चिडली. "मघाशी जास्त व्हतं. आता न्हाई!" धाकट्या भावाला सोडायला आलेली तिची सात वर्षांची बहीण दारातून हे बघत होती. ती म्हणाली, "आवं, त्येच पाणी हाय. नुसतं उभं राहिलंय."

मी पुस्तकात जे वाचले होते, ते दोन वाक्यांत दोन बहिणींनी माझ्यासमोर ठेवले. त्या धाकटीला मी 'चुकलीस' म्हणालो असतो तर काय झाले असते? ती माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायला शिकली असती. पाण्याकडे बघायचे तिने सोडले असते. आईने मात्र मुलांना दोन-चार भांडी आणि थोडे पाणी देऊन आठ दिवस नुसते ओतू दिले.

बी

मटकी भिजवून फडक्यात बांधली की तिला मोड येतात, हे आमच्या घरोघरी ठाऊक आहे. त्याचाच आम्ही प्रयोग केला. तीन वाट्या घेतल्या. पहिलीत कोरडी मटकी. दुसरीत भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तिसरीत पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली. कोणत्या वाटीतली मटकी उगवेल असे वाटते, त्या वाटीपुढे प्रत्येकाने आपापला खडा ठेवायचा. बहुतेक खडे तिसऱ्या वाटीपुढे पडले. कारण 'पाणी जास्त तितकं बरं' ही दुष्काळी गावातल्या मुलांची समजूत.

मे महिन्याच्या उकाड्यात दीड-दोन दिवसांत फडक्यातली मटकी मोडावर आली. कोरडी तशीच राहिली. बुडालेली फुगली, तिच्यावर फेस आला आणि वास सुटला. मुलांनी नाके धरली. "हिला श्वास घ्यायला मिळाला न्हाई," असे आई म्हणाली. बीजाला पाण्याबरोबर हवाही लागते, हे वाक्य मी शाळेत घोकले होते. आईने ते कधीच घोकलेले नाही. ती फडके किती पिळायचे हे हाताने जाणते. मोड आलेली मटकी दुसऱ्या दिवशी उसळ होऊन मुलांच्या पोटात गेली.

काचेच्या पेल्याला आतून ओले फडके लावून फडके आणि काच यांच्यामध्ये वालाचे दाणे खोचले. कुणी आडवे, कुणी उलटे खोचले. मुळे मात्र सर्वांची खालीच गेली. नंतर पेला आडवा करून ठेवला, तर दोन-तीन दिवसांत मुळांनी वळण घेतले आणि ती पुन्हा जमिनीच्या दिशेने निघाली. "त्यान्ला डोळं न्हाईत, तरी कसं कळतं?" असे मेंढपाळाच्या मुलाने विचारले. हा प्रश्न डार्विनसारख्या शास्त्रज्ञालाही पडला होता. त्याने आपल्या मुलाच्या मदतीने वनस्पतींच्या हालचालींवर प्रयोग केले आणि १८८० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आमच्या मेंढपाळाच्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "मलाबी हेच विचारायचं होतं."

सावली

अंगणात एक काठी रोवली आणि सकाळी आठ वाजता तिच्या सावलीच्या टोकाशी रांगोळीची खूण केली. दर तासाने नवी खूण. मुलांच्या लक्षात आले, की सावली सरकते आणि आखूड होते. मग सावलीवर पाय देण्याचा खेळ सुरू झाला.

महाराष्ट्राचा सर्व प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेस येतो. त्यामुळे वर्षातून दोन दिवस सूर्य इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. जुलैमधला दिवस बहुधा ढगांत जातो, पण मे महिन्यातला स्वच्छ दिसतो. आमच्या भागात तो मेच्या मध्यास येतो. त्या दिवशी मी गवंड्याकडून ओळंबा मागून आणला आणि नळाच्या पाइपाचा हातभर तुकडा अंगणात अगदी सरळ उभा केला. साडेबाराच्या सुमारास आठ-दहा मुले डोक्यावर फडकी घेऊन जमली. पारावरचे दोन-तीन मित्रही 'काय चाललंय' म्हणून आले. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली.

"कुठं गेली?" मी विचारले.

"तिला ऊन लागतंय. पायाखाली बसली," सर्वांत लहान मुलगी म्हणाली.

पारावरची मंडळी हसली नाहीत. एकाने आपल्याच पायांकडे पाहिले आणि म्हणाला, "आयला, इतकी वर्सं झाली, कधी बघितलंच न्हाई." त्या दिवसापासून मला मास्तर म्हणणे बंद झाले, असे नाही, पण त्यातली टिंगल गेली.

सूप आणि चाळणी

मुलांचे खेळ शोधताना मला उशिरा उमगले, की आईचे सगळे घर ही प्रयोगशाळाच आहे. सुपाने पाखडताना भुसा वाऱ्यावर पुढे जातो आणि दाणा जागीच पडतो. चाळणीतून बारीक खाली उतरते, जाड वर राहते. ज्वारी निवडताना खडा, दाणा आणि माती वेगळी होते. वर्गीकरण, तुलना, मोजमाप ही विज्ञानाची पहिली पावले होत, आणि ती आमच्या आया रोज टाकतात. आईने मुलांना लहान सुपल्या दिल्या. पहिल्या दिवशी सगळा भुसा तोंडावर आला. तिसऱ्या दिवशी दोघांनी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे, हे स्वतःहून शोधले.

काळी माती, मुरूम आणि वाळू तीन फुटक्या मडक्यांत भरून त्यांत सारखेच पाणी ओतले. वाळूतून ते लगेच गळाले, मुरमातून थोडे थांबून. काळीतून थेंब थेंब आले आणि बरेचसे आतच राहिले. आमच्या रानातले पाणी कुठे जाते, याचा हा पहिला धडा. या मुलांना पुढे शेती करायची असो वा नसो, हा धडा पाणलोटाच्या गावात जन्मलेल्या प्रत्येकाला हवा.

एक चूक

इथे माझी एक चूक सांगणे अगत्याचे आहे. एकदा मटकीचे दाणे मोजायला देऊन मी हजेरीपट आणायला आत गेलो. परत आलो, तर तीन वर्षांच्या एका मुलाने नाकात दाणा घातला होता आणि तो रडत होता. माझे हातपाय गळाले. मी बोट घालून दाणा काढू पाहत होतो. आईने माझा हात झटकला. "आत ढकलशील!" मुलाला मांडीवर घेऊन तिने त्याची दुसरी नाकपुडी दाबली आणि तोंड मिटून जोराने शिंकरायला लावले. दुसऱ्या खेपेला दाणा बाहेर उडाला. तो निघाला नसता तर सरळ दवाखाना गाठावा लागला असता. तेव्हापासून नियम झाला : बी-खडे पुढे असताना मोठ्या माणसाने जागचे उठायचे नाही, अगदी लहानांना दाणे द्यायचेच नाहीत, आणि भरलेली बादली मुलांजवळ एक क्षणही सोडायची नाही. हाताने शिकवायचे, तर शिकवणाऱ्याचे डोळे त्या हातांवर हवेत.

ए-बी-सी-डीचा प्रश्न

सेविकाताई परत आल्या. त्यांना हे सारे आवडले आणि जूनच्या पहिल्या शनिवारी त्यांनी पालकांना बोलावले. मुलांनी आपले खेळ दाखवले. एका मुलाचे वडील दारातच उभे होते. ते म्हणाले, "बाहेरच्या शाळेत पोरं पोयम म्हणत्यात. हितं नुसती माती चिवडत्यात. ए-बी-सी-डी कधी व्हायची?" त्यांच्याच मुलाने त्यांचा हात धरून त्यांना बरणीपाशी नेले. "आबा, बटाटा बुडंल का तरंगंल?" "बुडंल की." बटाटा तरंगला, पाणी मिठाचे होते. ते गृहस्थ खाली बसले, पाण्यात बोट बुडवून त्यांनी चाखले आणि खळखळून हसले. पुढे अर्धा तास ते तिथेच बसून होते.

तरीही पंधरा दिवसांनी त्यांनी मुलाचे नाव तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. सकाळी सात वाजता गाडी येते आणि ते चार वर्षांचे पोर टाय लावून तिच्यात बसते. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. इंग्रजी न येण्याची किंमत काय असते, हे पहिल्या वर्षी मी स्वतः भोगले आहे. आपल्या मुलाने ती भोगू नये असे त्यांना वाटते, त्यात चूक काय?

परंतु मला आणखी एक गोष्ट भोगावी लागली, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वर्गात प्राध्यापक तास संपताना विचारतात, "काही शंका?" आणि सारा वर्ग खाली पाहतो. आम्हांला शंका नसतात, असे नाही. विचारण्याची सवयच उरलेली नसते. ती केव्हा गेली? मला वाटते, 'गप्प बस', 'हात लावू नकोस', 'माझ्यामागे म्हण' हे शब्द ज्या वयात पहिल्यांदा ऐकले, त्याच वयात ती गेली. इंग्रजी पुढे शिकता येते. मी शिकतो आहे. गेलेला प्रश्न परत आणणे त्याहून फार अवघड आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या वयाला 'पायाभूत स्तर' म्हटले आहे आणि त्यात खेळ व कृती यांना महत्त्व दिले आहे. पण धोरणाचा कागद आमच्या गावच्या चटईवर यायचा, तर तो आईसारख्या बायांच्या हातांनीच येईल. त्यांच्या हातात काय आहे, हे आधी त्यांना आणि आपल्याला कळले पाहिजे.

वाचकमित्रहो, आपल्यापैकी पुष्कळ जण खेड्यांतून येतात. सुट्टीत गावी गेल्यावर एक तास आपल्या अंगणवाडीत जाऊन बसा. काही शिकवू नका. एक परात पाणी आणि दहा वस्तू घेऊन जा, आणि मुले काय म्हणतात ते वहीत लिहून घ्या. तेथील सेविका व मदतनीस यांना विचारून करा. त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज मी जूनमध्ये भरला. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात 'अंगणवाडी मदतनीस' असे स्वच्छ अक्षरात लिहिले. रविवारी घरी गेल्यावर आईला ते सांगितले. मागच्या वर्षी काय लिहिले होते, तेही सांगितले. ती भाकरी थापत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तव्हा तुला ठावं नव्हतं." आणि भाकरी तव्यावर टाकून तिने विचारले, "पाऊस पडल्यावर गांडुळं निघतील. ती कशात ठिवायची रं, पोरांना दावायला?"

मला ठाऊक नव्हते. आम्ही दोघांनी मिळून ठरवले, की फुटके मडके आणि ओली माती घेऊन बघू.